करवंटीचा जवा, प्लास्टिकचं बोट

सतार वाजवणाऱ्याच्या उजव्या तर्जनीवर पोलादी तार वळवून केलेली नखी असते. ती पेरावर इतकी घट्ट बसवतात की बैठक संपल्यावर काढली तरी बोटावर वळ राहतो. सरोद वाजवणाऱ्याच्या चिमटीत जवा असतो. तो परंपरेने नारळाच्या करवंटीचा, घासून घासून गुळगुळीत केलेला. विचित्रवीणेवर तर डाव्या हाताची बोटं तारेला लागतच नाहीत. काचेचा अंडाकृती बट्टा तारांवरून फिरतो आणि स्वर निघतो. या तिन्ही वस्तू धडधाकट हातांसाठी आहेत. नुसतं नख पोलादाच्या तारेपुढे फार काळ टिकत नाही आणि बोटाच्या मऊ टोकाने काढलेला आवाज लांबवर जात नाही, म्हणून वादकांनी फार पूर्वीच बोटाला जोड दिली. अपघातात बोटाचं टोक गेलेल्या एखाद्या वादकाने तिथे प्लास्टिकची टोपी चढवली, तर तो याच परंपरेतला पुढचा माणूस.

दाभोळात करवंटीला तोटा नाही. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर, समोर खाडीपलीकडे अंजनवेल, गावात माडा-पोफळीच्या वाड्या. हाताला इजा व्हायला कारणंही इथे पुष्कळ. जाळं ओढताना विंचचा दोर आणि ड्रम यांच्यामध्ये बोट सापडतं, नारळावर घातलेला कोयता अंगठ्यावर बसतो, सुतारकामाच्या कटरने पेरं जातात, शिंगाळ्याचा काटा रुतून बोट सुजतं आणि नंतर आखडूनच राहतं. हात म्हणजे पोट, त्यामुळे अशा वेळी घरात पहिला प्रश्न कामाचा निघतो. वाजवण्याचं काय, हे कोणी विचारत नाही. हळदीत, गणपतीत, शिमग्यात हाच माणूस वाद्यावर बसत असला तरी नाही.

जगात ज्यांनी विचारलं, त्यांच्या हकिगती मात्र थक्क करणाऱ्या आहेत. जिद्दीच्या गोष्टी म्हणून त्या खूपदा छापून येतात, पण तशा लेखनात एक उणीव हमखास असते. माणसाने हार मानली नाही हे चार वेळा सांगतात, आणि त्याने नेमकं काय केलं, कुठली पट्टी कुठे बांधली, तार किती सैल केली, हे एकदाही नाही. ज्याचा हात अडकलाय त्याला उपयोग या दुसऱ्या माहितीचा.

जँगो राइनहार्ट हा बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला, भटक्या जिप्सी समाजातला गिटारवादक. १९२८ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो राहत होता त्या गाडीला आग लागली. बायको विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं करायची आणि सेल्युलॉइड पेटलं की क्षणात भडकतं. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून कायमची आखडली. हाच हात गिटारच्या पट्टीवर तारा दाबणारा. अंथरुणावर असतानाच भावाने नवी गिटार आणून दिली आणि जँगोने तर्जनी व मध्यमा या दोनच बोटांवर सगळी बढत नव्याने बसवली. चार बोटांचा वादक पट्टीवर आडवा पसरतो, हा दोन बोटांनी उभा धावायचा. आखडलेली बोटं त्याने सोडून दिली नाहीत. काही स्वरमेळांत ती वरच्या तारांवर नुसती टेकवून ठेवायचा. १९३४ मध्ये पॅरिसला व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याने जो पंचक वाद्यवृंद उभा केला, त्याने युरोपातल्या जॅझला स्वतःचा चेहरा दिला.

इथे आपल्या सतारीकडे पाहिलं की गंमत वाटते. सतारीवर डावा हात चालतो तो मुळातच तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर. अनामिका क्वचित, करंगळी नाहीच. म्हणजे जँगोच्या हातात जी दोन बोटं उरली, नेमकी तीच सतारीला लागतात. ज्याची डावी करंगळी आणि अनामिका विंचवर गेली, त्याला गिटार शिकवणारा कदाचित माघारी पाठवेल. सतारीच्या दृष्टीने त्याचा हात जवळपास शाबूत आहे. उलट डावी तर्जनी गेली तर सतार फार अवघड होते. उजवी तर्जनी गेली तर नखी मध्यमेवर चढवून नव्याने सराव करता येतो. उजवा अंगठा गेला तर मात्र वेगळीच पंचाईत, कारण तो दांडीला टेकवून हात स्थिर ठेवायचा असतो. मग त्या जागी मनगटाला आधार देणारी छोटी गादी लागते. कुठलं बोट गेलं आणि वाद्य कुठलं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय ‘आता वाजवता येणार नाही’ असं कोणीही म्हणू नये. डॉक्टरनेही.

टोनी आयोमीला डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा हा गिटार वाजवणारा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७, कामाचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. कारखान्याच्या व्यवस्थापकाने घरी येऊन त्याला एक ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि मग सांगितलं की हा वादक दोन बोटांवर वाजवतोय. ती मुद्रिका जँगोची होती. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळी करून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तिला बोटाएवढी पोकळी पाडली, आणि थंड झाल्यावर ती घासत घासत बोटावर बसेपर्यंत आकारात आणली. पण प्लास्टिक तारेवरून घसरायचं. म्हणून त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवला आणि तोही तारेला चिकटेल इतपत घोटून घेतला. तरी एक अडचण उरलीच. टोपीतून तार जाणवत नाही, त्यामुळे किती दाबतोय ते कळत नाही आणि नको इतका जोर लागतो.

यावर त्याने जे केलं ते मला टोपीपेक्षाही मोलाचं वाटतं. त्याने वाद्यच मऊ करून घेतलं. आधी बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या, आणि पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या त्याच्या ब्लॅक सॅबथ वाद्यवृंदाच्या तबकडीत काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून जुळवली. त्या खालच्या, जड, घोंघावत्या आवाजातून ‘हेवी मेटल’ नावाचा अख्खा प्रकार वाढला. आज जगभर धडधाकट हातांची पोरं गिटार खाली उतरवतात, ती एका दुखऱ्या बोटाच्या सोयीतून आलेली पद्धत आहे.

याचं गणित साधं आहे आणि आपल्या वाद्यांना जसंच्या तसं लागू पडतं. तार तीच ठेवली तर तिच्यातला ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे काळी एकमध्ये मिळवलेली सतार पांढरी सातवर आणली, दोनच अर्धस्वर खाली, तर तारेचा ताण सुमारे २० टक्के उतरतो. आयोमीप्रमाणे तीन अर्धस्वर उतरवली तर सुमारे २९ टक्के. तारेची जाडीही तशीच वर्गाने काम करते. ०.३० मिलिमीटरऐवजी ०.२८ची तार घेतली तर त्याच स्वराला ताण १३ टक्क्यांनी कमी. सतारीवर चार-पाच स्वरांची मींड ओढताना बोटावर येणारा भार ज्याने सोसलाय त्याला हे आकडे किती मोठे आहेत ते कळेल. किंमत अर्थातच मोजावी लागते. आवाज थोडा पातळ होतो, जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते, तरफेच्या तारा नव्याने मिळवाव्या लागतात. पण हे काम मिरजेच्या कारागिराचं आहे, शल्यविशारदाचं नाही. खर्चही त्याच मानाने.

मिरजेचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबू. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले आणि आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य मुळापासून हाताने घडत असल्यामुळे इथे माप बदलणं शक्य असतं. दांडी जराशी अरुंद, भोपळा लहान, खुंट्यांची डोकी मोठी म्हणजे संधिवाताच्या बोटांनाही पीळ देता येईल, अशा गोष्टी कारखान्याच्या साच्यातून निघणाऱ्या वाद्यात मागता येत नाहीत. सतारीचे पडदे तर दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. वादकाने वाद्य आपल्याला हवं तसं करून घ्यायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पनवेलजवळच्या पळस्प्याला गुरुकुल उभारणाऱ्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांनी रुद्रवीणेची घडणच बदलून घेतली होती, आणि त्यांचे हात तर उत्तम होते.

हातांची अदलाबदल हा आणखी एक मार्ग. व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश याच्या डाव्या मधल्या बोटाचं टोक लहानपणीच्या अपघातात गेलं. त्याने गज डाव्या हातात घेतला आणि तारा उजव्या हाताने दाबायला शिकला. ही अदलाबदल दिसते तितकी सोपी नाही. तारांचा क्रम उलटा करून भागत नाही. व्हायोलिनच्या पोटातली खांबी आणि खालची पट्टीही उलट्या बाजूला न्यावी लागते, नाहीतर आवाज बसतो. कोलिशने ही अदलाबदल निभावून स्वतःच्या नावाचा चतुष्क वाद्यवृंद चालवला आणि विसाव्या शतकातल्या अवघडातल्या अवघड रचना रंगमंचावर आणल्या. डावखुरी सतारही अशीच मुद्दाम, आरशातल्यासारखी उलटी घडवून घ्यावी लागते.

गज धरणारा हातच नसेल तर? टोरांटोचा एड्रियन अनंतवान जन्मतःच उजव्या पंजाविना. तिथल्या मुलांच्या पुनर्वसन रुग्णालयात त्याच्यासाठी गज धरणारं एक साधन करून दिलं. हाताच्या टोकावर बसणारा साचा आणि त्याला जोडलेला ॲल्युमिनियमचा दांडा, इतकंच. तो त्याला गमतीने उलथनं म्हणतो. मनगट आणि बोटं जे बारीक काम करतात ते त्याने कोपर आणि खांद्याकडे सोपवलं, आणि त्या बळावर तो व्यावसायिक एकलवादक झाला. जपानची मानामी इतो परिचारिकेचं शिक्षण घेत असताना अपघातात उजवा हात गमावून बसली. खास व्हायोलिनसाठी बनवलेला कृत्रिम हात खांद्याच्या हालचालीवर चालवून ती वाजवते. शिवाय पॅरालिंपिकमध्ये जपानतर्फे पोहलीसुद्धा आहे. अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये एका शाळकरी मुलीसाठी त्रिमिती छपाईने गज धरणारा हात केला, तिच्या मागणीप्रमाणे गुलाबी रंगात. इंग्लंडात २०११ पासून एका हाताने वाजवायच्या वाद्यांसाठीच एक न्यास काम करतो आणि अशी वाद्यं बनवणाऱ्यांच्या स्पर्धा भरवतो.

आपल्याकडची बैठक इथे मदतीला येते, याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पाश्चात्त्य पद्धतीत उभ्याने व्हायोलिन हनुवटीखाली पेलायचं, डाव्या हातावर त्याचा थोडाफार भार येतोच. आपले वादक मांडी घालून व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात आणि मागचं टोक छातीशी धरतात. डी. के. दातारांची बैठक आठवून पाहा. भार पायाने उचलला, डावा हात निव्वळ स्वरासाठी मोकळा राहिला. अंगठ्यात जोर नसलेल्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

बोटं वळतच नसतील तर सरकपट्टीची वाद्यं आहेत. मांडीवर आडवी ठेवलेली हवाईयन गिटार ब्रिजभूषण काबरांनी रागदारीत आणली, आणि विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. या वाद्यात डाव्या हाताने पोलादी कांडी तारांवर सरकवायची, बस. पेरं वाकली नाहीत तरी चालतं. पकड कमजोर असेल तर कांडी तळव्याला वेलक्रोच्या पट्ट्याने बांधता येते. मींड तर या वाद्याच्या रक्तातच आहे.

पण दाभोळच्या वाडीत कोणी मोहनवीणा आणून ठेवलेली नसते. तिथे असतो बेंजो, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित चमत्कार वाटतो. नाव बेंजो असलं तरी त्याचा अमेरिकेच्या बँजोशी संबंध नाही. त्याचं मूळ जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता याने टाइपरायटरच्या कळा तारांवर बसवून ‘ताइशोगोतो’ हे वाद्य काढलं. ते हिंदुस्थानात आलं, बुलबुल तरंग झालं, आणि मुंबई-कोकणात त्याला पिकअप आणि भोंगे लागून बेंजो पार्टी उभी राहिली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, आणि पुढे गणपती. सरावाला याहून चांगले दिवस नाहीत.

त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. लाकडी पेटीवर तारा लांबीच्या बाजूने ताणलेल्या. त्यांच्यावर गोल बटणांची रांग. बटण दाबलं की त्याखालची पत्र्याची पट्टी तारांवर बसते आणि नेमका तेवढाच स्वर मिळतो. सोडलं की स्प्रिंग बटणाला वर उचलते. डावा हात बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. आता विचार करा, बोटाला इथे काय करायचं उरलं? तार बोटाला लागत नाही, म्हणून टोक नाजूक असलं तरी चालतं. स्वराची जागा पत्र्याच्या पट्टीने ठरवलेली, म्हणून बोट आखडलेलं असलं, एकच असलं, नुसतं खुंट असलं तरी सूर चुकत नाही. अंगठा नसलेल्या उजव्या हाताला छेडायची पट्टी मनगटाच्या पट्ट्यात अडकवून देता येते, कारण छेडायला हात नुसता वरखाली हलला तरी पुरतो. बटणं लहान वाटत असतील तर वरून रबराची मोठी टोपणं बसतात. मींड निघत नाही ही त्याची खरी मर्यादा, आणि रागदारीवाले म्हणूनच त्याला नाक मुरडतात. परंतु कोळीगीताची चाल वाजवायला मींड लागते कुठे?

आखडण्याहून वेगळी आणि जास्त फसवी गोष्ट म्हणजे बधिरपणा. मज्जातंतू तुटला किंवा कुष्ठरोगाने निकामी झाला, की बोट हलतं पण त्याला तार कळत नाही. पोलादी तार कातडी कापत जाते आणि वादकाला पत्ता नसतो. रक्त पडद्यावर दिसलं की मगच कळतं. अशा हाताला चामड्याची टोपी ही सोय नव्हे, संरक्षण आहे, आणि दर बैठकीनंतर बोटं डोळ्यांनी तपासायची सवय त्याहून महत्त्वाची. कुष्ठरोगाने पंजासारखे वाकलेले हात सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाअखेर वेल्लोरला सुरू केल्या. धडधाकट स्नायूची कंडरा उचलून निकामी स्नायूच्या कामाला लावायची, अशी ती कल्पना. महाराष्ट्रात जे. जे. रुग्णालयाचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात ही कामं केली. हात वाजवण्यासाठी नव्हे, घास तोंडात घालता यावा म्हणून दुरुस्त होत होते. तरीही आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला, आणि त्यात कुष्ठरोगमुक्त, अंध, अपंग असे सगळे कलाकार रंगमंचावर आले.

ज्याला यातलं काहीच जमत नाही, त्यालाही तंतुवाद्य सुटत नाही. एकतारीला एक तार आणि एक बोट पुरतं. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, ती पहाऱ्यापहाऱ्याने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते; तिथे पट्टा वजन पेलतो आणि हात फक्त तार छेडतो.

साधन करून घ्यायला कुठे जायचं, हा शेवटी उरणारा प्रश्न. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. कृत्रिम अवयव आणि व्यवसायोपचार हे तिचं कामच. व्यवसायोपचार करणारे हाताचे आधार एका खास प्लास्टिकचे बनवतात. ६५-७० अंशांच्या गरम पाण्यात घातलं की ते भिजवलेल्या पापडासारखं लवचीक होतं, हातावर दाबून धरलं की काही मिनिटांत त्याच आकारात कडक होतं, आणि चुकलं तर पुन्हा पाण्यात घालून बदलता येतं. म्हणजे आयोमीने तापलेल्या सळईने जे केलं ते हे न भाजता करता येतं. फक्त तिथे जाताना वाद्य बरोबर न्यावं. टेबलावर ठेवलेल्या हाताचं माप आणि सतारीभोवती वळलेल्या हाताचं माप एक नसतं. १९४८ मध्ये मोटार अपघातात गिटारवादक लेस पॉलचा उजवा कोपर चुरा झाला. तो पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने गिटार धरताना हात जितका वाकतो तितक्याच कोनात तो बसवून मागितला. डॉक्टरांनी तसाच बसवला. पुढची साठ वर्षं तो त्याच कोपराने वाजवत राहिला.